आई-बाबा ऑक्टोबरात लीड्सला येतायत, तर कुठले महोत्सव दाखवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा पुण्याहून ऑक्टोबरच्या मध्याला लीड्सला तुमच्याकडे येतायत आणि नोव्हेंबर संपेपर्यंत राहणार आहेत. बाबा सवाई गंधर्वचे जुने श्रोते, आई दर जानेवारीत ‘पिफ’चा, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास काढणाऱ्या. दोघांनी साठी ओलांडलीय, आईंचे गुडघे कुरकुरतात, खर्चाला मर्यादा आहे, आणि ‘एवढ्या लांब येऊन लंडनचे मोठे महोत्सव तरी बघायलाच हवेत’ हा बाबांचा हट्ट.

मी बरीच वर्षं यॉर्कशर आणि मँचेस्टरच्या पट्ट्यातली सभागृहं आणि महोत्सव यांच्या फ्रंट ऑफ हाउसमध्ये काम करते. म्हणजे तिकीटखिडकी, दारावरची माणसं, उशिरा येणारे, हरवलेले चष्मे, सगळं आमच्याकडे. त्या अनुभवावरून, बाबांची क्षमा मागून, आधीच सांगते: लंडनची एकच फेरी ठेवा आणि बाकी सगळं लीड्सहून तासाभराच्या अंतरात बसवा. तुम्ही नकळत सोन्यासारख्या जागी राहताय.

पहिली गोष्ट बाबांना समजावून सांगा. इथला महोत्सव म्हणजे एक मंडप, एक पास, बैठक मारली की मध्यरात्र, असं नसतं. एकाच नावाखाली दहा-पंधरा सभागृहं, प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं तिकीट, आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये पावसातून चालत जाणं. लंडनमध्ये हे चालणं म्हणजे भुयारी रेल्वे आणि जिने. लीड्स, यॉर्क, हडर्सफील्ड अशा ठिकाणी ते दहा मिनिटांचं काम असतं. महोत्सवातली खरी मजा, म्हणजे एक कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाशी वाद घालत दुसऱ्याकडे जाणं, ती लहान गावांतच मिळते. म्हणून महोत्सवाचं नाव बघून गाव ठरवू नका. गाव धरा आणि तिथे जे चाललंय ते बघा.

शरदातच एवढी गर्दी का, असं बाबा विचारतीलच. उन्हाळ्यातले माळरानावरचे कार्यक्रम संपतात, एडिंबराचे ऑगस्टमधले महोत्सव उरकतात, सप्टेंबरअखेर विद्यापीठं उघडतात, नाट्यगृहांचे नवे हंगाम सुरू होतात. व्हेनिस आणि टोरोंटोचे चित्रपट महोत्सव सप्टेंबरात आटोपले की तिथले चित्रपट इकडे वाहू लागतात. शिवाय परंपरा जुनी आहे. बर्मिंगहॅमचा दर तीन वर्षांनी भरणारा संगीत महोत्सव तिथल्या जनरल हॉस्पिटलसाठी पैसे उभे करायला सुरू झाला होता. एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या ‘ड्रीम ऑफ गेरॉन्शियस’चा पहिला प्रयोग तिथेच, ३ ऑक्टोबर १९०० रोजी झाला. तालीम अपुरी, गायकवृंद घसरलेला, प्रयोग फसला. आज तीच रचना इंग्रजी संगीताचा मानबिंदू समजली जाते. तुमच्या लीड्सच्या टाउन हॉलमध्येही १९३१ च्या ऑक्टोबरात वॉल्टनची ‘बेल्शाझर्स फीस्ट’ पहिल्यांदा वाजली. पहिल्या प्रयोगाची धाकधूक बघायची असेल तर ब्रिटनमध्ये ऑक्टोबर हा महिना आहे, आजही.

आता लंडन. लंडन फिल्म फेस्टिव्हल सोडून द्या. आईंना वाईट वाटेल, म्हणून कारण सांगते. तो साधारण ८-९ ऑक्टोबरला सुरू होतो आणि विशीच्या आत संपतो. आई-बाबा उतरतील तेव्हा शेवटचे चार दिवस उरलेले असतील, आणि झोप पुण्याच्या घड्याळावर चालत असेल. सदस्यांना तिकिटं सप्टेंबरात आधी मिळतात, सर्वसामान्यांचं आरक्षण त्यानंतर उघडतं, आणि ज्या चित्रपटांची चर्चा असते ते तोवर बरेचसे भरलेले असतात. महोत्सवाची पुण्याई मोठी आहे, यात शंका नाही. १९५७ साली वॉटर्लू पुलाखालच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये तो सुरू झाला, पहिला चित्रपट कुरोसावाचा ‘थ्रोन ऑफ ब्लड’. इथला सदरलँड पुरस्कार सत्यजित रे यांच्या ‘अपूर संसार’ला मिळालाय, १९८२ साली अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘एलिप्पथायम’ला मिळालाय. पायल कपाडियांचा मुंबई आणि रत्नागिरीतला ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ २०२४ मध्ये तिथे दाखवला गेला. पण हे सगळं वाचून जीव तिकडे ओढला, तरी साठीतल्या माणसांना विमानातून उतरवून रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही. गेल्या काही वर्षांत या महोत्सवाचे थोडे निवडक चित्रपट त्याच दिवसांत मँचेस्टरच्या ‘होम’ आणि शेफील्डच्या ‘शोरूम’ यांसारख्या चित्रपटगृहांतही लावले जातात. आईंची हौस फारच असेल तर तिथला एक बघा.

लंडनची ती एक फेरी राखून ठेवा ‘दरबार’साठी. हा भारतीय शास्त्रीय संगीताचा महोत्सव. २००६ साली लेस्टरमध्ये सुरू झाला, भाई गुरमीतसिंग विर्दी या तबलागुरूंच्या स्मरणार्थ. पुढे लंडनला साउथबँक सेंटरमध्ये गेला आणि आता ऑक्टोबरात बार्बिकन या कलाकेंद्रात भरतो. बाबा म्हणतील, पुण्याहून येऊन मालकंस ऐकायला लंडनला जायचं? जायचं, आणि कारण सांगते. अश्विनी भिडे-देशपांडे, उल्हास कशाळकर यांच्यासारखे आपले कलाकार या मंचावर गायलेत, हे तर आहेच. पण दरबारवाले सकाळच्या मैफलीही लावतात. बाहेर लंडनचं करडं ऊन, कॉफीचा वास, आणि सकाळी खरोखर सकाळचा राग. पुण्यातही हा योग हल्ली कमीच येतो, कारण मैफली संध्याकाळच्या झाल्यात. दुसरं म्हणजे बार्बिकनचं सभागृह वाद्यवृंदासाठी बांधलेलं, जवळपास दोन हजार माणसांचं. तंबोऱ्याची जवारी तिथे मंडपातल्या भोंग्यांपेक्षा फार वेगळी ऐकू येते. उणी बाजूही ऐकून घ्या. इथे वेळ घड्याळाची असते. कलाकाराला तास-सव्वा तास ठरवून दिला की तेवढाच, रात्री सभागृह रिकामं करायचं बंधन असतं, आणि गाणं रंगात आलंय म्हणून कुणी अर्धा तास वाढवून देत नाही. बाबा चिडतील. चिडू द्या.

बार्बिकनबद्दल एक कामाची गोष्ट. ही इमारत म्हणजे भूलभुलैया आहे. वरच्या पादचारी मार्गांवर लोकांना वाट सापडावी म्हणून पिवळी रेघ आखलीय, एवढ्यावरून काय ते समजा. आईंच्या गुडघ्यांसाठी त्या मार्गांच्या वाटेला जाऊ नका. टॅक्सी थेट सिल्क स्ट्रीटच्या दारापाशी उभी करा, तिथून आत सपाट जाता येतं.

त्या फेरीतच ट्राफल्गार चौकातली महापौरांची दिवाळी जुळून आली तर बघा. फुकट असते, गर्दी तुडुंब. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाचं वेळापत्रकही चाळा. मंडळ १९३२ पासूनचं आहे आणि दिवाळीच्या आसपास तिथे बहुधा काहीतरी असतंच. बाबांना फराळ खाताना ओळखीतले ओळखीचे भेटले की त्यांची लंडनवारी सफळ होईल, मैफल गेली उडत.

आता घरच्या मैदानावर या. लीड्सच्या चित्रपट महोत्सवासाठी मी पक्षपाती आहे, हे मान्य. तो १९८७ पासून भरतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून सुमारे अडीच आठवडे चालतो, आणि शहराची नगरपालिकाच तो भरवते. कान आणि व्हेनिसचे महोत्सव गाजवून आलेले बरेच चित्रपट लंडननंतर दोन-तीन आठवड्यांत इथे लागतात, तिकीट स्वस्त असतं आणि रांगेत लाल गालिचा नसतो. आईंसाठी पास काढा, सुटी तिकिटं नकोत. पास असला की माणूस नाव न ऐकलेला चित्रपटही बघतो आणि वीस मिनिटांत उठून चहाला जाण्याचीही मोकळीक वाटते. पिफच्या पासवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि या शहरात चित्रपट बघणं म्हणजे उगमाशी जाऊन पाणी पिणं. लुई ल प्रॅन्स या फ्रेंच माणसाने १८८८ च्या ऑक्टोबरात तुमच्या राउंडहेमधल्या एका बागेत, एका भिंगाच्या कॅमेऱ्यातून, फेर धरून चालणारी चार माणसं टिपली. उरलेला तुकडा जेमतेम दोन सेकंदांचा. लीड्सच्या पुलावरची वाहतूकही त्याने टिपली होती, पुलाशी त्याच्या स्मरणार्थ निळी पाटी आहे. आपले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये यंत्रसामग्रीसाठी आणि शिकायला लंडनला आले, त्याच्या चोवीस वर्षं आधीची ही गोष्ट. १८९० मध्ये दिजाँहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीत बसलेला ल प्रॅन्स पुन्हा कुणाला दिसला नाही. श्रेय एडिसन आणि ल्युमिएर बंधूंकडे गेलं. आईंना राउंडहे पार्कात फिरायला न्याल तेव्हा ही गोष्ट सांगा, रंगेल.

महोत्सवातला निदान एक चित्रपट हाइड पार्क पिक्चर हाउसमध्ये बघाच. नाव हाइड पार्क असलं तरी लंडनशी संबंध नाही, हा लीड्समधल्या विद्यार्थ्यांच्या वस्तीतला कोपरा आहे. १९१४ च्या नोव्हेंबरात उघडलेलं हे चित्रपटगृह. आत भिंतींवर गॅसचे दिवे आहेत आणि ते शोभेचे नाहीत. चित्रपट चालू असताना मंद तेवत राहतात. पहिली पाच मिनिटं डोळ्यांना खुपतात. मग लक्षात येतं की अंधार संपूर्ण नसल्यामुळे आजूबाजूची माणसं दिसतायत, कोण हसतंय, कोण डोळे पुसतंय, आणि आपण एकटे नाही. सज्जात बसायचा मोह आईंना आवरायला सांगा, जिना आहे. खालीच बसा. मोठी दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हापासून पायऱ्या टाळून जाण्याची सोय चांगली झालीय.

भाषेबद्दल एक सूचना. परभाषेतल्या चित्रपटांना इंग्रजी सबटायटल्स असतात, त्यामुळे कोरियन किंवा इराणी चित्रपट आईंना सोपा जाईल. अवघड जाईल तो इंग्रजी चित्रपट, विशेषतः ग्लासगो किंवा यॉर्कशरच्या बोलीतला. त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पडद्यावर संवाद लिहून येणारे खेळ वेगळे दाखवलेले असतात, ते निवडा. कान धडधाकट असलेल्यांनी तिथे जायला काहीच हरकत नाही. नातवंडांना घेऊन जायचा विचार असेल तर वयोमर्यादा आधी बघा. महोत्सवातल्या पुष्कळ चित्रपटांना नेहमीचं प्रमाणपत्र मिळालेलं नसतं, स्थानिक पालिकेच्या परवानगीने ते लागतात, आणि मर्यादा बहुधा कडक ठेवतात.

त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, यॉर्कला एस्थेटिका हा लघुपटांचा महोत्सव असतो. २०११ पासूनचा. गाडीने पंचवीस-तीस मिनिटं. जुन्या गावातल्या जुन्या इमारतींमध्ये पडदे लावलेले असतात. लघुपट आवडत नसले तरी यॉर्कचं फिरणं होतंच.

ऑक्टोबरातली लीड्सची लाइट नाइट विसरू नका. दोन संध्याकाळी, फुकट, शहराच्या मध्यभागातल्या इमारतींवर प्रकाशाचे खेळ. आई-बाबा त्या दोन दिवसांत इथे असतील तर सुरुवात तिथून करा, शहराची ओळखही होईल. सुरू होताच जा, आठनंतर चालायला जागा नसते. अशी दुसरी जागा होती डरहॅमची ‘लुमिएर’, २००९ पासून एका वर्षाआड, कॅथेड्रलच्या भिंतींवर. ती २०२५ ला शेवटची झाली, निधी आटला. जुन्या याद्या बघून बेत आखू नका हे सांगण्यासाठी हे उदाहरण. बर्मिंगहॅमच्या पालिकेने २०२३ मध्ये दिवाळखोरीसदृश नोटीस काढली आणि पुढे कलासंस्थांची अनुदानं शून्यावर आणली. लंडनचा रेनडान्स हा चित्रपट महोत्सव शरदातून जूनमध्ये गेला, शेफील्डचा माहितीपट महोत्सव त्याच्याही कितीतरी आधी गेला. तारखा दर वर्षी महोत्सवाच्या स्वतःच्या पानावरच बघा.

बाबांसाठी माझी खरी शिफारस मात्र वेगळीच आहे, आणि ती ऐकून ते आधी नाक मुरडतील. हडर्सफील्डचा समकालीन संगीत महोत्सव. हे शहरसुद्धा नाही, गिरण्यांचं गाव, लीड्सहून वीसेक मिनिटं. १९७८ पासून इथे दर नोव्हेंबरात दहा दिवस जगभरातलं नवं संगीत वाजतं. जॉन केज, श्टॉकहाउझेन यांच्यासारखे संगीतकार इथे येऊन गेलेत. मुख्य सभागृह म्हणजे विद्यापीठातलं सेंट पॉल्स, पूर्वीचं चर्च. एखादी चेलोवादक बाई तारेवर गज जवळजवळ न टेकवता एकच स्वर पाच-सात मिनिटं धरून असते. आधी नुसती खरखर, मग त्या खरखरीतून एकेक सहस्वर सुटा होऊन वर येतो, आणि घुमणाऱ्या छताखाली कुठला स्वर वाद्यातून येतोय आणि कुठला भिंतीतून, हे कळेनासं होतं. पाश्चात्त्य संगीत ऐकत वाढलेला श्रोता इथे अनेकदा चुळबुळतो, त्याला धून हवी असते. ज्याने आयुष्यभर तंबोरा जुळताना ऐकलाय, षड्जातून उमटणारा गंधार ओळखलाय, त्याचे कान या कामासाठी आधीच तयार असतात. मी दारावर उभी राहून आपल्याकडच्या शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्या पाहुण्यांना तिथून बाहेर पडताना पाहिलंय. ‘हे संगीत नव्हे’ असं म्हणत बाहेर येतात आणि पुढचा कार्यक्रम कधी आहे ते विचारतात. महोत्सवातल्या सोमवारी दिवसभर छोटे कार्यक्रम फुकट असतात. बाबांना त्या दिवशी न्या. नाही आवडलं तर गाडीभाड्यापलीकडे काही जात नाही.

त्याच दिवसांत लंडनला जॅझ महोत्सव असतो, १९९२ पासूनचा, दहा दिवस आणि शहरभर पसरलेला. उत्तम असतो, पण तुमच्या बेतात तो बसत नाही. बेलफास्टचा कला महोत्सव ऑक्टोबरअखेर असतो, १९६० च्या दशकात क्वीन्स विद्यापीठातून निघालेला. १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्सने आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी तिथे वाजवलं होतं. ब्रिटनच्या व्हिसावर बेलफास्ट चालतं, मात्र तिथून सहज म्हणून डब्लिनच्या बसमध्ये चढू नका, तो वेगळा देश आहे. कार्डिफचा ‘सून’ (Sŵn) हा संगीत महोत्सव तरुणांचा, उभं राहून ऐकायचा. गुडघ्यांना नमस्कार करून तो सोडा.

तिकिटांबद्दल आतली गोष्ट सांगते, ही सहसा कुठे लिहिलेली नसते. कार्यक्रम ‘सोल्ड आउट’ दिसला म्हणजे सगळ्या खुर्च्या विकल्या गेल्या असं नसतं. ध्वनियंत्रणेचं टेबल कुठे बसेल, कॅमेरा कुठे येईल, कलाकाराचे पाहुणे किती, हे ठरेपर्यंत आम्ही खुर्च्या राखून ठेवतो. तंत्रज्ञ येऊन टेबल मांडतात तेव्हा त्यातल्या काही मोकळ्या होतात, आणि त्या बहुधा चांगल्या, मधल्या असतात. हे घडतं कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, कधी आदल्या दिवशी. त्या वेळी संकेतस्थळ पुन्हा उघडा किंवा सरळ फोन करा. शिवाय परत आलेल्या तिकिटांची रांग असते. एकट्या माणसाला ती हमखास फळते, जोडीला क्वचित. वेगवेगळं बसायची तयारी ठेवा.

गुडघ्यांचं फोनवरच सांगा. ऑनलाइन नकाशात कडेची खुर्ची दिसते, पण तिच्याआधी किती पायऱ्या आहेत हे दिसत नाही. तिकीटखिडकीवरच्या माणसाला प्रत्येक रांग पाठ असते. ‘पायरी नको, प्रसाधनगृह जवळ हवं’ एवढं म्हटलं की तो बरोबर जागा देतो. यात संकोच करण्यासारखं काही नाही, आमचं ते रोजचं काम आहे.

वेळेचं बाबांना बजावा. साडेसात म्हणजे साडेसात. उशीर झाला तर दोन रचनांच्या मधल्या विरामातच आत सोडतात, आणि एकच सलग रचना असली तर मध्यंतरापर्यंत बाहेर. ‘वा!’, ‘क्या बात है’ दरबारमध्ये खुशाल म्हणू देत, हडर्सफील्डला नको. तिथली शांतता हाही कार्यक्रमाचा भाग असतो.

रेल्वेचं सीनियर रेलकार्ड दोघांना पहिल्याच आठवड्यात काढून द्या. साठी ओलांडलेल्या कुणालाही मिळतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. लीड्सहून लंडन किंग्ज क्रॉस सव्वादोन तासांवर आहे, पण आयत्या वेळी तिकीट काढाल तर डोळे पांढरे होतील. दरबारच्या तारखा कळताच रेल्वेचं तिकीट काढा. ऑक्टोबरअखेर शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा हॉटेलं आणि गाड्या दोन्ही महागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासाने मागे जातात आणि नोव्हेंबरच्या मध्याला लीड्समध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्याच्या माणसाला हे जड जातं. दुपारचे खेळ घ्या, अंधारात बाहेर पडायचं असलं तरी जेवायला घरी पोहोचता येतं.

बाबांना हात रिकामे ठेवणं जमत नसेल, तर व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत विनावेतन स्वयंसेवा करता येते, आणि कितीतरी महोत्सव अशा संस्थाच चालवतात. अर्ज मात्र उन्हाळ्यातच मागवलेले असतात, तेव्हा त्यांची इच्छा असेल तर आत्ताच चौकशी करा आणि ती संस्था धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे ना, हे आधी विचारून घ्या. माणसं लागतात ती मुख्यतः दाराशी तिकिटं बघायला. एक पुणेकर श्रोता उशिरा येणाऱ्यांना कसा अडवेल, हे बघायला मला नक्की आवडेल.